मराठी स्लाइड अशी का दिसते, त्यामागची फॉन्टची भानगड

मजकूर कमी ठेवा, एका स्लाइडला एकच मुद्दा, अक्षर मोठं, हे आता शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे, ते इथे उगाळत नाही. पण हे सगळं पाळूनही मराठी पीपीटी बऱ्याचदा गबाळी दिसते, आणि त्याचं कारण बनवणाऱ्याला दृष्टी नाही हे नसतं. निदान माझं मत तरी असं आहे की निम्म्याहून जास्त दोष मराठी कॉम्प्युटरवर ज्या वाटेने आली त्या वाटेचा आहे.

फार मागे जात नाही. आपल्यापैकी जुन्या लोकांनी कॉलेजात ओएचपी (ओव्हरहेड प्रोजेक्टर) पाहिलाय, पारदर्शक शीटवर मार्करने लिहायचं आणि पंख्याचा घर्रर्र आवाज ऐकत भिंतीवर बघायचं. डॉक्टरांच्या परिषदांत 35 मिमीच्या स्लाइड असायच्या, त्यात निळ्यावर पांढरी अक्षरं, कारण डायझो नावाच्या प्रक्रियेत स्लाइड तशीच निघायची. (गडद निळी पीपीटी अजून दिसते, खोलीत लख्ख उजेड असला तरी.) गंमत म्हणजे ओएचपीवर मराठी छान दिसायची, कारण ती हाताने लिहिलेली असायची, आणि ज्या शाळेत चित्रकलेचे सर रोज फलकलेखन करतात तिथे अक्षराची काय कमी.

पॉवरपॉइंट आलं 1987 ला, तेही मॅकवर, काळं-पांढरं, आणि मुख्य काम ओएचपीच्या शीट छापून काढणं. विंडोजवर 1990 ला. आपल्याकडच्या ऑफिसांत ते खऱ्या अर्थाने शिरलं नव्वदच्या दशकाच्या शेवटाला, आणि इथूनच आपली गोष्ट सुरू होते.

आता फॉन्ट हा शब्द. डिझाइनवाल्यासाठी फॉन्ट म्हणजे अक्षराचा चेहरा, तो बदलला की मजकूर तोच राहतो फक्त रूप बदलतं. मराठी ऑफिसात मात्र फॉन्ट म्हणजे भाषाच. "मराठी फॉन्ट आहे का तुमच्याकडे?" म्हणजे मराठी टाइप होतं का. "फॉन्ट उडाला" म्हणजे मजकूर वाचता येत नाही. हा घोळ लोकांच्या अज्ञानातून आलेला नाही, तेव्हा ते अक्षरशः खरं होतं. जुन्या फॉन्टमध्ये 256 घरं, त्यात देवनागरीची अर्धी अक्षरं, जोडाक्षरं, वेलांट्या, रफार सगळं कोंबायचं, आणि हे कोणत्या घरात काय बसवायचं ते ज्याने त्याने आपापलं ठरवलं. म्हणजे कॉम्प्युटरच्या लेखी तुमच्या फाइलमध्ये मराठी नव्हतीच, इंग्रजी अक्षरं आणि कंस-स्वल्पविराम होते, वरून मराठीचा मुखवटा. मुखवटा दुसऱ्या मशिनवर नसेल की खालचं सगळं उघडं. एका कंपनीच्या फॉन्टमधला मजकूर सिलेक्ट करून दुसऱ्या कंपनीचा फॉन्ट दिला तर वेगळाच कचरा.

इथे मतभेद आहेत हे मान्य. त्या काळात असे फॉन्ट बनवणारे म्हणतात की विंडोजच देवनागरी जुळवत नव्हतं तर आम्ही काय करणार, धंदा थांबवायचा? आणि ते खोटं नाही, वर्तमानपत्रं आणि पत्रिका त्यांच्याच जिवावर छापल्या गेल्या. पण भारतीय लिप्यांसाठी एक सरकारी प्रमाण सांकेतिक पद्धत 1991 लाच जाहीर झालेली होती, त्याच वर्षी युनिकोडची, म्हणजे जगातल्या सगळ्या लिप्यांसाठीच्या एकाच सांकेतिक पद्धतीची, पहिली आवृत्ती आली त्यातही देवनागरी होती, आणि तरी पुढची पंधरा-वीस वर्षं प्रत्येकाने आपली मांडणी कुलूपबंद ठेवली. कुलूप खरंच असायचं, कॉम्प्युटरच्या मागे डाँगल (किल्लीचं काम करणारा छोटा प्लग) लावल्याशिवाय काही पॅकेजं उघडायचीच नाहीत. ऑफिसात तीन मशिन आणि डाँगल एक, मग तो डाँगल साहेबांच्या कपाटात. माझा कल कुठे आहे ते कळलंच असेल.

स्लाइडवर याचा परिणाम काय झाला तर लोक घाबरून एकाच फॉन्टला चिकटले. जो चालतोय त्याला हात लावू नका. शीर्षकाला एक, मजकुराला दुसरा असा प्रयोग कोण करणार? त्यात अ‍ॅनिमेशन. पॉवरपॉइंटमध्ये टाइपरायटरच्या टकटक आवाजात एकेक अक्षर येण्याची सोय होती आणि सगळ्यांना ती फार आवडायची. पण मुखवट्याखाली एक मराठी अक्षर म्हणजे दोन-तीन तुकडे, त्यामुळे "शिक्षण" येताना आधी नुसती वेलांटी हवेत लटकायची, टक, मग अर्धा श, टक, मग त्याचा काना येऊन चिकटायचा. एका तालुक्याच्या गावी प्रशिक्षणाला मी हे बघितलंय, बोलणारे गृहस्थ गप्प उभे आणि सगळं सभागृह अक्षरं जुळायची वाट बघतंय.

विंडोज 2000 पासून युनिकोड मराठी आली आणि सोबत मंगल नावाचा फॉन्ट. पुढच्या विंडोज एक्सपीत मात्र सेटिंगमध्ये जाऊन एक चौकोन टिक करावा लागायचा आणि तो सीडी मागायचा, आणि सीडी ऑफिसात कधीच सापडायची नाही. त्यानंतरच्या विंडोज व्हिस्टापासून ते आपोआप सुरू झालं. मंगल हा स्क्रीनवर बारीक आकारात वाचता यावा अशा बेताचा फॉन्ट, त्याला 40 च्या साइजमध्ये भिंतीवर लावलं की तो कोरडा दिसणारच. पण तो लोकांनी निवडलेलाच नव्हता! पॉवरपॉइंटच्या थीममध्ये प्रत्येक लिपीपुढे एक फॉन्ट आधीच लिहून ठेवलेला असतो आणि देवनागरीपुढे मंगल. तुम्ही वर कॅलिब्री निवडा नाहीतर आणखी काही, इंग्रजी बदलते, मराठी जागची हलत नाही, माणूस म्हणतो मराठीला चांगले फॉन्टच नाहीत.

दुसरी गोष्ट ओळींची. पॉवरपॉइंट 2013 पासून स्लाइड रुंद झाली, आणि नेहमीच्या थीममध्ये मजकुराचं ओळीतलं अंतर 90 टक्के ठेवलं गेलं. इंग्रजीला ते घट्ट नि छान दिसतं. मराठीत वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत घुसतो. "मुलींची" च्या डोक्यावर नेमकी "कृपया" आली तर बघा. इंग्रजीतून आलेले बाकीचे सल्लेही असेच, शीर्षक कॅपिटलमध्ये द्या (आपल्याकडे कॅपिटल नाही), अक्षरांत मोकळी जागा सोडा (शिरोरेषा तुटते), महत्त्वाचं इटॅलिक करा (मराठी अक्षर पडल्यासारखं दिसतं). हे पाळून मराठी स्लाइड बिघडते आणि आपण समजतो आपलंच काहीतरी चुकतंय.

गेल्या दहाएक वर्षांत चित्र बरंच बदललं, मुक्त, बलू, नोटो अशा नावांचे फुकट फॉन्ट आले, त्यातल्या काहींत भाषा मराठी लावली की दांडीचा ल जाऊन पाकळीचा ल येतो. "दुसर्या" न येता "दुसऱ्या" येतं, हेही थोडं नाही. आता अडचण उलट बाजूने, पीपीटी व्हॉट्सअ‍ॅपवर जाते, समोरचा फोनवर उघडतो, तिथे तो फॉन्ट नसतो. फॉन्ट फाइलमध्ये एम्बेड करायची, म्हणजे फाइलच्या पोटातच घालून पाठवायची, सोय आहे पण किती जण ती वापरतात. म्हणून अजूनही सरळ उपाय तोच, स्लाइडची पीडीएफ करा नाहीतर मजकुराचं चित्र करून टाका. डिझाइनवाले याला नाकं मुरडतात, कारण चित्रातला मजकूर नंतर बदलता येत नाही आणि शोधता येत नाही.

मागच्या महिन्यात एक जुनी पीपीटी युनिकोडमध्ये करायला घेतली होती, बहुधा 2003-04 ची. कन्व्हर्टरने रफार भलतीकडे टाकले, आकडे बिघडवले, दोन स्लाइड तर मूळ कागद शोधून परत टाइप कराव्या लागल्या. एकच गोष्ट जशीच्या तशी आली ती म्हणजे पहिल्या स्लाइडवरचं शीर्षक. ते कोणीतरी हाताने सुंदर लिहून, स्कॅन करून चिकटवलेलं होतं.