वेट-अँड-ड्राय व्हॅक्यूम की एक्स्ट्रॅक्टर? गालिचा धुवायला देण्याआधी

जाड होज, चाकांवरची टाकी, मोटारीची घरघर. लांबून पाहिलं तर दोन्ही मशिनं सारखीच वाटतात आणि दोन्ही पाणी ओढतात. पण गालिच्यात पाणी सोडतो तो एक्स्ट्रॅक्टरच, आणि फरक पडतो तो तिथेच.

वेट-अँड-ड्रायला टाकी एकच. ओढलेलं सगळं त्यात जमतं, टाकी भरली की आतला फ्लोट वर येतो आणि ओढ थांबते. सांडलेला चहा, तुंबलेल्या मोरीचं पाणी यासाठी याच्यासारखं यंत्र नाही. गालिच्यासाठी मात्र आधी शॅम्पू हाताने किंवा सिंगल डिस्क मशीनने (खाली गोल फिरता ब्रश असलेल्या यंत्राने) घासायचा आणि मग फेस ओढून घ्यायचा, असं करावं लागतं. वरचा फेस जातो, तंतूंच्या मुळाशी साबण उरतो, कारण त्याला खळबळून काढणारं स्वच्छ पाणी खालपर्यंत गेलेलंच नसतं. बरेच शॅम्पू वाळल्यावर चिकट राहतात आणि धूळ धरतात. धुतलेला गालिचा थोड्याच दिवसांत ये-जा असते तिथे पुन्हा काळा पडतो, त्याचं हे एक मोठं कारण. घरचे मात्र गालिचाच जुना झाला म्हणतात, याचं मला फार वाईट वाटतं.

एक्स्ट्रॅक्टरला टाक्या दोन, एक स्वच्छ पाण्याची, एक मळक्या पाण्याची. पंप बारीक नळीतून पाणी वॉन्डच्या, म्हणजे गालिच्यावरून फिरवायच्या दांड्याच्या, टोकाशी आणतो. ट्रिगर दाबून वॉन्ड आपल्याकडे ओढला की जेटने मारलेलं पाणी लगोलग फटीतून परत खेचलं जातं. मग त्याच पट्ट्यावर ट्रिगर सोडून एक-दोन कोरडे हात मारायचे. वॉन्डऐवजी हातात धरायचं छोटं हँड टूलही असतं, आणि अनेक हँड टूलचं तोंड पारदर्शक असतं. त्यातून आधी गढूळ तपकिरी पाणी धावतं, पुढे ते निवळत जातं. ते निवळेपर्यंत पट्टा सोडू नये.

जाहिरातीत यालाच पुष्कळदा ‘स्टीम क्लीनिंग’ म्हणतात. प्रत्यक्षात वाफ नसते, गरम पाणी असतं, आणि लोकरीसाठी तेही कोमटच हवं. उत्तर प्रदेशातल्या भदोहीच्या हातगाठीच्या गालिच्यात वर लोकर, आत सुती ताणा (उभे धागे) असतो. सूत पाणी धरून बसतं, म्हणून तिथे ओला हात एक तर कोरडे तीन, असंच काम व्हायला हवं. पावसाळ्यात वर पंखा किंवा ब्लोअरही लावावा, नाहीतर कुबट वास धरतो. घाईने काम करणारा माणूस असेल, तर एक्स्ट्रॅक्टरनेही गालिचा भिजून चिंब होतो.

काम ठरवताना दोनच गोष्टी विचाराव्यात: वॉन्डला पाण्याची नळी आणि ट्रिगर आहे का, आणि सुरुवातीला कोरडा व्हॅक्यूम मारणार का. बारीक माती आत असताना पाणी सोडलं तर तिचा चिखल होतो, आणि मग कोणत्याही मशीनला तो पुरता ओढता येत नाही.