अंतरावस्था : विभाजनापूर्वीची पेशीची तयारी

एका विभाजनाच्या शेवटापासून पुढच्या विभाजनाच्या आरंभापर्यंत पेशी ज्या अवस्थेत असते, तिला अंतरावस्था म्हणतात. या काळात पेशी वाढते, आपल्या डीएनएची पूर्ण नक्कल काढते आणि विभाजनाला लागणारी प्रथिने जमवते. जुन्या पुस्तकांत हिला ‘विश्रांती अवस्था’ म्हटलेले आढळते. ते नाव सोडूनच द्यायला हवे.

गोव्यातल्या वाचकाला इथे ‘पुरुमेंत’ आठवेल. मिरगापूर्वी म्हापसा-मडगावच्या बाजारातून कांद्याच्या माळा, सुकी मासळी, मीठ, मिरच्या आणून घर भरून ठेवायचे, कारण पाऊस लागल्यावर बाहेर पडणे कठीण. पेशीचेही तसेच आहे. विभाजन सुरू झाले की गुणसूत्रे इतकी घट्ट गुंडाळली जातात की त्यांवरची जनुके वाचण्याचे काम जवळजवळ थांबते आणि नवी प्रथिने फारशी बनत नाहीत. लागणारे सामान आधीच घरात असावे लागते.

त्याच माळेतला कांदा ही अवस्था पाहायला उत्तम. काठोकाठ पाणी भरलेल्या ग्लासावर बूड टेकेल असा ठेवला की दोन-तीन दिवसांत पांढरी मुळे सुटतात. उच्च माध्यमिकच्या प्रयोगशाळेत या मुळाचे टोक कापून कोमट, सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात मऊ करतात, ॲसिटोकार्मिनने रंगवतात आणि काचपट्टीवर अंगठ्याने दाबून पसरवतात. विद्यार्थ्याची नजर गडद, काड्यांसारखी गुणसूत्रे शोधत फिरते. पण बहुतेक पेशींत नुसते गोल, दाणेदार केंद्रक दिसते. या पेशी रिकाम्या बसल्यासारख्या वाटतात. खरे तर त्यांची मोठी संख्या हेच एक माप आहे. टोकातल्या पेशी एकाच वेळी विभागत नाहीत, म्हणून ज्या अवस्थेला अधिक वेळ लागतो, तिच्यातल्या पेशी अधिक दिसतात. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशीचे चक्र साधारण 24 तासांचे असते आणि त्यात प्रत्यक्ष विभाजनाला जेमतेम एक तास लागतो.

डीएनए नेमका केव्हा बनतो हे 1953 साली ॲल्मा हॉवर्ड आणि स्टीफन पेल्क यांनी दाखवले. त्यांनी बाकला या शेंगवर्गीय झाडाच्या मुळांना किरणोत्सारी फॉस्फरस दिला. तो डीएनएत शिरला, पण विभाजनाच्या वेळी नव्हे, काही तास आधीच. त्या टप्प्याला त्यांनी ‘एस’ म्हटले. त्याच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या, मोकळ्या वाटलेल्या काळांना ‘जी-1’ आणि ‘जी-2’.

जी-1 मध्ये पेशी वाढते आणि पुढे जायचे की थांबायचे हे ठरते. आपल्या बहुतेक चेतापेशी इथूनच चक्राबाहेर पडतात, त्या कायमच्या. डीएनएची नक्कल जिथून सुरू व्हायची, त्या जागांवर आवश्यक प्रथिनेही याच टप्प्यात बसवली जातात. एस सुरू झाल्यावर ती पुन्हा बसत नाहीत, म्हणून कोणताही भाग दोनदा उतरवला जात नाही.

एस टप्प्याचा पसारा थक्क करणारा आहे. माणसाच्या पहिल्या गुणसूत्रात सुमारे 25 कोटी बेसजोड्या, म्हणजे डीएनएच्या शिडीच्या पायऱ्या, असतात आणि नक्कल करणारी यंत्रणा सेकंदाला सुमारे 50 जोड्या उतरवते. एका टोकापासून काम सुरू केले तर एवढ्या एका गुणसूत्राला जवळजवळ दोन महिने लागतील. पेशी ते हजारो ठिकाणी एकदम सुरू करते आणि सगळी गुणसूत्रे सुमारे आठ तासांत उरकते. डीएनए ज्यांवर गुंडाळायचा ती हिस्टोन प्रथिनेही याच वेळी दुप्पट होतात. दोन्ही प्रती कोहेसिन या कड्यासारख्या प्रथिनाने एकत्र बांधलेल्या राहतात. परीक्षेत इथेच गोंधळ होतो: डीएनए दुप्पट झाला, तरी कांद्याची गुणसूत्रे 16 च राहतात, प्रत्येकाची दोन अर्धगुणसूत्रे झालेली असतात एवढेच.

जी-2 मध्ये नक्कल पुरी झाली का, कुठे तुटफूट आहे का, याची तपासणी होते. वनस्पतींत याच सुमारास एक विलक्षण गोष्ट घडते. पेशीच्या कडेने सूक्ष्मनलिकांचा एक पट्टा तयार होतो आणि विरून जातो. पुढे नवी भित्ती नेमकी त्याच रेषेवर येऊन जुळते.

हे टप्पे पुढे ढकलणारी सायक्लिन ही प्रथिने आणि त्यांच्या साथीने चालणारी विकरे शोधल्याबद्दल लेलँड हार्टवेल, टिम हंट आणि पॉल नर्स यांना 2001 चे नोबेल मिळाले. हंट यांना सायक्लिन समुद्री अर्चिनच्या अंड्यांत सापडले. हार्टवेल यांनी अभ्यासलेले यीस्ट म्हणजे पोदेराचा पाव फुगवणारेच. नर्स यांना दुसऱ्या एका यीस्टचे असे वाण मिळाले की त्याच्या पेशी पुरेशा वाढण्याआधीच विभागत आणि खुज्या राहत. माणसात डीएनए बिघडल्यावर चक्र अडवणारे पी-53 प्रथिन निकामी झाले, तर बिघाड तसाच पेशींच्या पुढच्या पिढीत जातो. निम्म्याच्या आसपास कर्करोगांत त्याच्या जनुकात दोष आढळतो.

तयारी आणि विभाजन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे कोल्चिसिनने स्पष्ट दिसते. पावसाळ्यात गोव्याच्या कुंपणांवर लाल-पिवळी फुलणारी विषारी कळलावी हे द्रव्य बनवते. ते कांद्याच्या मुळाला दिले तर डीएनएची नक्कल नेहमीसारखी होते, पण गुणसूत्रे ओढून नेणारे तर्कुतंतू बनत नाहीत. पेशी दुभंगत नाही आणि एकाच केंद्रकात 32 गुणसूत्रे राहतात.