'टू मीट' की 'टू मीटिंग'? एका टीचभर 'टू'ची भानगड

ऑफिसच्या मेलच्या शेवटी 'आय लुक फॉरवर्ड टू मीट यू' लिहिणारे आपल्याकडे ढिगाने आहेत, आणि त्यांना नावं ठेवण्यात अर्थ नाही, कारण शाळेत 'टू'च्या पुढे क्रियापदाचं मूळ रूप हे इतकं घोटून घेतलेलं असतं की 'टू मीटिंग यू' बघूनच खटकतं. पण प्रमाण इंग्रजीत बरोबर तेच. इंग्रजीत 'टू' दिसायला एक, पण कामं दोन करतो.

पहिला 'टू' म्हणजे साधं अव्यय, आपल्या 'ला' किंवा 'कडे'सारखं. त्याच्यापुढे नाम लागतं, आणि क्रियापद आणायचंच असेल तर त्याला 'इंग' लावून नाम करून घ्यावं लागतं. आपणही 'भेटण्याची वाट बघतोय' म्हणतोच की, आधी 'भेटणं' हे नाम केलं आणि मग त्याला 'ची' जोडलं. ओळखायचं कसं, तर 'टू'पुढे एखादं नाम ठेवून बघा. 'लुक फॉरवर्ड टू द हॉलिडेज' चालतं, मग 'टू मीटिंग'च. 'आय ॲम युज्ड टू द नॉइज' चालतं, मग 'युज्ड टू वेकिंग अप अर्ली'. (नुसतं 'आय युज्ड टू वेक अप अर्ली' हे वेगळं प्रकरण, ते 'पूर्वी उठायचो' या अर्थाचं, त्यात सवय मोडलेली आहे.) ही टेस्ट शंभर टक्के नाही हं, 'ॲग्री टू द प्लॅन' चालतं आणि तरीही 'ॲग्री टू गो'च म्हणतात.

दुसरा 'टू' म्हणजे 'वॉन्ट टू गो'मधला, क्रियापदाच्या मूळ रूपाआधी येणारा, आणि तो जास्त इंटरेस्टिंग. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत क्रियापदाच्या मूळ रूपाला शेवटी 'अन' असा प्रत्यय असायचा, आणि 'अमुक करण्यासाठी' म्हणायचं तर क्रियापदाआधी 'टू' लावून शेपटी बदलायची. पुढे शेपट्या झिजून गेल्या, 'टू' उरला. म्हणजे हाही मुळात दिशा दाखवणाराच, आपण 'पुण्याला गेला' आणि 'जेवायला गेला' यात एकच 'ला' वापरतो ना, तसंच. मार्टिन हास्पेलमाथ या भाषाशास्त्रज्ञाने 1989 मध्ये दाखवलं की एकमेकींशी संबंध नसलेल्या कितीतरी भाषांत हेच घडलंय, आधी 'कशासाठी' सांगणारं रूप असतं आणि ते वापरून वापरून गुळगुळीत झालं की साधं क्रियापदाचं रूप होऊन बसतं.

आणि त्या जुन्या दिशेचा वास अजून गेलेला नाही. 'वॉन्ट', 'होप', 'प्लॅन', 'डिसाइड' या सगळ्यांपुढे 'टू', कारण काम अजून व्हायचंय. 'एन्जॉय', 'फिनिश'पुढे 'इंग', कारण काम चालू आहे किंवा उरकलंय. भाषाशास्त्रज्ञ ड्वाइट बोलिंजरने 1968 मध्येच हा फरक मांडला होता, 'टू'वालं रूप शक्यतेचं, 'इंग'वालं प्रत्यक्षातल्या गोष्टीचं. खरी मजा येते ती दोन्ही रूपं घेणाऱ्या क्रियापदांत. 'रिमेंबर्ड टू लॉक द डोअर' म्हणजे दार लावायचं आठवलं, 'रिमेंबर लॉकिंग द डोअर' म्हणजे दार लावल्याचं आठवतंय. बघा, मराठीत हे काम 'लावायचं' आणि 'लावल्याचं' असं अगदी उघड होतं. 'स्टॉप्ड टू स्मोक' म्हणजे गडी टपरीवर सिगरेट ओढायला थांबला, 'स्टॉप्ड स्मोकिंग' म्हणजे सोडली, घरच्यांना सांगताना घोळ करू नका. नकाराच्या पत्रात 'वी रिग्रेट टू इन्फॉर्म यू' असतं कारण वाईट बातमी आता सांगायचीय, आणि 'आय रिग्रेट टेलिंग हिम' म्हणजे सांगून बसलोय आणि आता पस्तावतोय.

पण हा नियम ताणला की तुटतो. 'सजेस्ट' आणि 'पोस्टपोन' यांच्यातलं काम पुढेच व्हायचंय, तरी 'इंग'. 'मॅनेज्ड टू' म्हटलं तर काम झालेलं, तरी 'टू'. याचं कारण शब्दाच्या अर्थामध्ये नाही, तर इतिहासात सापडतं. 'इंग'चं हे बस्तान एका दिवसात बसलेलं नाही, भाषाशास्त्रज्ञ हेंड्रिक डे स्मेट यांच्या अभ्यासानुसार ते एका क्रियापदावरून त्याच्यासारख्या दुसऱ्यावर असं शतकानुशतकं सरकत गेलं, आणि अशा सरकण्यात सगळे सारखे सापडत नाहीत. त्यामुळे 'ही सजेस्टेड मी टू गो' हे आपलं खास भारतीय वाक्य तर्काने चुकीचं वाटत नाही, फक्त इंग्रजीने तो रस्ता घेतला नाही.

गंमत म्हणजे 'टू' आणि 'इंग' यांची अदलाबदल अजून चालूच आहे. 18व्या शतकात 'ॲकस्टम्ड टू डू' हे बिनधास्त लिहिलं जायचं, चांगले चांगले लेखक लिहायचे. विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत 'ॲकस्टम्ड टू डूइंग'ने त्याला जवळजवळ हुसकावून लावलं, 'ऑब्जेक्ट टू'चंही तेच झालं. भाषाशास्त्रज्ञ गुंटर रोडेनबुर्ग यांनी 2006 मध्ये या सगळ्या उलथापालथीला 'ग्रेट कॉम्प्लिमेंट शिफ्ट' असं भारदस्त नाव दिलं (इथे 'कॉम्प्लिमेंट' म्हणजे कौतुक नव्हे, आधीच्या शब्दाचा अर्थ पुरा करणारा पुढचा भाग). 'कमिटेड टू'पुढे तर आजही 'इम्प्रूव्ह' आणि 'इम्प्रूव्हिंग' दोन्ही छापून येतं, परीक्षेत आलं तर मात्र 'इंग'वालंच लिहा, उगाच मार्क जायला नकोत.