देवमाशाचं गोत्र

स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसने १७३५ साली 'सिस्टेमा नेचरी' या सजीवांच्या वर्गीकरणाच्या ग्रंथाची पहिली आवृत्ती काढली, तेव्हा देवमासा माशांच्या रकान्यात होता. १७५८ च्या दहाव्या आवृत्तीत त्याने तो उचलून सस्तन प्राण्यांत नेला. फुप्फुसं, गरम रक्त, पिल्लांना दूध पाजणं, अशी कारणं भक्कम होती. (डॉल्फिन पिल्लांना पाजतात हे ॲरिस्टॉटलने दोन हजार वर्षं आधीच लिहून ठेवलं होतं, ते असो.) पण सस्तनांमध्ये तो नेमका कुणाच्या जवळचा? लिनियसला हा प्रश्न पडायचं कारणच नव्हतं. त्याच्या लेखी प्रजाती देवाने घडवलेल्या होत्या. सारखेपणा पाहून त्या नीट लावून ठेवल्या की वर्गीकरणाचं काम झालं.

नात्याचा प्रश्न आणला डार्विनने. १८५९ च्या 'ओरिजिन ऑफ स्पीशीज'मध्ये आकृती एकच आहे, फाटे फुटत जाणाऱ्या रेषांची. आणि खरं वर्गीकरण म्हणजे वंशावळ, असं त्याने स्पष्ट म्हटलं. देवमाशाबाबत मात्र त्याचा अंदाज भरकटला. तोंड उघडं ठेवून पोहत किडे गिळणाऱ्या काळ्या अस्वलापासून देवमाशासारखा प्राणी घडू शकेल, असं त्याने सुचवलं. त्यावर टवाळी झाली आणि पुढच्या आवृत्तीत त्याने ती कल्पना छाटली.

तत्त्व मान्य झालं, पण वंशावळ मांडायची कशी? पुढची जवळपास शंभर वर्षं हे काम जाणकारांच्या नजरेवर चाललं. दोन जाणकार, दोन झाडं, आणि वाद मिटवायला नियम नाही. तो नियम दिला विली हेनिग या जर्मन कीटकशास्त्रज्ञाने. हा माणूस माश्या-डासांच्या गणाचा अभ्यासक. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी ब्रिटिशांच्या कैदेत असताना त्याने आपल्या ग्रंथाचा कच्चा मसुदा लिहिला. ग्रंथ १९५० मध्ये जर्मनमध्ये निघाला, पण जगाने त्याची खरी दखल घेतली ती १९६६ च्या इंग्रजी आवृत्तीनंतर.

हेनिगचं म्हणणं असं, की प्रत्येक साम्य नात्याचा पुरावा होत नाही. पाठीचा कणा बेडकाला आहे, गाईला आहे, माणसालाही आहे. त्यावरून माणूस या दोघांपैकी कुणाच्या जवळचा ते ठरत नाही, कारण तो तिघांच्याही फार जुन्या पूर्वजाकडून आलेला आहे. एखाद्या फांदीवर नव्याने उगवलेलं आणि तिच्या वंशजांना मिळालेलं लक्षण तेवढं मोजायचं. शिवाय गट करायचा तर पूर्वज आणि त्याचे सगळे वंशज एकत्र, मधून कुणाला वगळायचं नाही. याचे परिणाम अनेकांच्या घशाखाली उतरेनात. मगर पालीपेक्षा पक्ष्यांच्या जवळची ठरली, आणि पक्षी सोडून 'सरपटणारे प्राणी' हा गटच उरला नाही. अर्न्स्ट मायरसारखा उत्क्रांतिशास्त्रातला दिग्गज शेवटपर्यंत विरोधात राहिला.

देवमाशाच्या बाबतीत हा नियम चांगलाच कसाला लागला. त्याच १९६६ मध्ये ली व्हॅन वेलन या जीवाश्मतज्ज्ञाने दातांवरून देवमाशांचं मूळ मेसोनिकिड या नामशेष खुरवाल्या मांसभक्षकांत दाखवलं. जीवाश्मतज्ज्ञांना ते पटलं. इकडे प्रयोगशाळा वेगळंच सांगत होत्या. १९५० मध्येच रक्तद्रवातल्या प्रथिनांच्या चाचण्यांनी देवमासे समखुरी प्राण्यांच्या, म्हणजे गाय, डुक्कर, उंट यांच्या गणाजवळ नेले होते. १९९९ मध्ये जपानच्या नोरिहिरो ओकादा यांच्या गटाने जास्त पक्का पुरावा दिला. डीएनएचे काही छोटे तुकडे स्वतःची नक्कल दुसरीकडे घुसवतात. एकच तुकडा अगदी त्याच जागी दोन वंशांत वेगवेगळा घुसणं जवळजवळ अशक्य. देवमासा आणि पाणघोडा यांच्यात असे सामाईक तुकडे सापडले, जे गाई-डुकरांत नव्हते. हेनिगला हवं होतं तसंच हे लक्षण.

हाडंवाले अडून होते ते घोट्यापाशी. समखुरी प्राण्यांच्या घोट्यातल्या एका हाडाला दोन्ही टोकांना कप्पीसारखी खाच असते. इतर सस्तनांत ती फक्त वरच्या टोकाला. आजच्या देवमाशाला घोटाच नाही, तर बघणार काय? पाकिस्तानात सापडलेल्या, पाय असलेल्या प्राचीन देवमाशांचे घोटे जीवाश्मतज्ज्ञ फिलिप जिंजरिच आणि हान्स थेविसन यांच्या गटांनी २००१ मध्ये वेगवेगळे प्रसिद्ध केले. दोन्हीकडे दुहेरी कप्पी. मेसोनिकिडांचा दावा तिथेच ढिला पडला. जिंजरिच स्वतः आधी त्याच बाजूचे होते, हे विशेष.

यातला मला सगळ्यात आवडणारा भाग जम्मू-काश्मीरमधल्या कालाकोटचा. भारतीय भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी तिथून जमवलेल्या खडकांतून १९७१ मध्ये इंडोह्यस नावाच्या छोट्या समखुरी प्राण्याचं वर्णन केलं होतं. पुष्कळसे दगड मात्र न फोडताच राहिले. राव यांच्या निधनानंतर त्यांच्या पत्नीने ते थेविसन यांच्याकडे सोपवले. साफ करताना तंत्रज्ञाच्या हातून एका कवटीचं कानाचं हाड तुटलं आणि आतली भिंत उघडी पडली. ती जाड होती, देवमाशांत असते तशी. पायांची हाडंही भरीव आणि जड निघाली, पाण्यात चालणाऱ्या प्राण्यांसारखी. डिसेंबर २००७ मध्ये हे 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात छापून आलं.

बातम्यांनी लगेच इंडोह्यसला देवमाशाचा पूर्वज करून टाकलं. पण तो जगला सुमारे ४ कोटी ८० लाख वर्षांपूर्वी, आणि तोवर देवमासे अवतरलेले होते. वंशवृक्षात तो त्यांच्या शेजारच्या फांदीवर बसतो, आणि त्या फांदीचं शास्त्रीय नाव, राओएलिडी, हे राव यांच्याच नावावरून आलेलं आहे.