आयसीयूतल्या नर्सचं काम मोजायचं कसं?

ऑगस्ट १९५२. कोपनहेगनच्या ब्लेगडॅम रुग्णालयात पोलिओची साथ आणि व्हेंटिलेटरची टंचाई. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी गळ्यातून श्वासनलिकेत नळी घालून हाताने पिशवी दाबत श्वास द्यायला लावलं. त्यासाठी सुमारे दीड हजार वैद्यकीय विद्यार्थी पाळ्या लावून बसले. अतिदक्षता विभागाची सुरुवात अशी रुग्णाशेजारी अखंड बसलेल्या माणसापासून झाली. पुढे पिशवीची जागा यंत्राने घेतली आणि शेजारची जागा नर्सकडे आली.

हे काम आकड्यात बसवायचा पहिला मोठा प्रयत्न १९७४ साली बोस्टनमध्ये झाला. 'टिस' (थेरप्युटिक इंटरव्हेन्शन स्कोअरिंग सिस्टीम) या पद्धतीत ५७ उपचारांना १ ते ४ गुण होते. १९९६ मध्ये ती २८ बाबींवर आणली गेली. एक गुण म्हणजे साधारण १०.६ मिनिटं, एका नर्सचे एका पाळीत ४६ गुण. पण यात मोजले जात ते मुख्यतः उपचार. अंग पुसणं, कूस बदलणं, नातेवाइकांना समजावणं यांना गुणच नव्हते. परिणामी नर्सच्या वेळेपैकी जेमतेम ४३ टक्के वेळेचा हिशेब लागत होता.

२००३ मध्ये आलेल्या 'नास' (नर्सिंग ॲक्टिव्हिटीज स्कोअर) या २३ बाबींच्या पद्धतीने तो ८१ टक्क्यांवर नेला. यात १०० गुण म्हणजे एका नर्सचं पूर्ण काम. एका पाळीत तीन तास किंवा जास्त वेळ नातेवाइकांसाठी गेला, तर त्याचेच ३२ गुण. प्रत्येकी ६५ गुणांचे दोन रुग्ण एकाच नर्सकडे दिले की बेरीज १३० होते. मग कूस बदलणं लांबतं, बेडसोर (पडून राहून होणाऱ्या जखमा) होतात आणि चार्टिंग, म्हणजे नोंदी लिहिणं, पाळी पुढच्या नर्सकडे सोपवल्यानंतर बसून पुरं करावं लागतं.

कॅलिफोर्नियात आयसीयूत दोन रुग्णांमागे किमान एक नर्स हा कायदा आहे, आणि तो जेवणाच्या सुट्टीतही लागू राहतो. आपल्याकडे इंडियन सोसायटी ऑफ क्रिटिकल केअर मेडिसिन व्हेंटिलेटरवरच्या रुग्णामागे एक नर्स सुचवते.

हिशेब चुकतो तो पदं मंजूर करताना. आठ खाटा, पाळीला चार नर्स, तीन पाळ्या, म्हणून १२ पदं, असं सर्रास धरलं जातं. पण वर्षाच्या ड्यूट्या (१२ × ३६५) भरतात ४,३८०. साप्ताहिक सुट्ट्या ५२ आणि रजा-सणांचे ४८ दिवस वजा केले, तर एका नर्सच्या वाट्याला २६५ ड्यूट्या येतात, म्हणजे १७ नर्स हव्यात. १२ जणींत विभाग चालतो, पण फक्त वर्षाचे ३६५ दिवस कुणीही एकही ऑफ घेतला नाही तरच.