प्रोजेक्टर : जोडणी व नियंत्रण

संगणकातील चित्र प्रोजेक्टरपर्यंत नेणे ही जोडणी. प्रोजेक्टर चालू-बंद करणे, त्याचा स्रोत बदलणे, तो तापला आहे का हे विचारणे, ही कामे संगणकावरून करणे म्हणजे नियंत्रण. परिभाषेत प्रोजेक्टरला प्रक्षेपक म्हणतात. परंतु अग्निबाणालाही तोच शब्द लागतो आणि जळगाव-धुळ्याच्या शाळा-महाविद्यालयांत तो फारसा कानावर येत नाही, म्हणून येथे प्रोजेक्टर हाच शब्द ठेवला आहे. जोडणी व नियंत्रण बहुधा वेगवेगळ्या वायरींवरून चालतात. त्यामुळे पडद्यावर चित्र स्वच्छ असूनही प्रोजेक्टर नेटवर्कवर मुका राहू शकतो.

उगम : संगणकाला जोडलेला पहिला प्रोजेक्टर कोणता, याविषयी मतभेद आहेत. एक मत १९८० च्या दशकातील एलसीडी (द्रवस्फटिकी) पाटीला मान देते. ही पारदर्शक पाटी ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या काचेवर ठेवत व तिची वायर संगणकाला लावत. दुसरे मत लाल, हिरव्या व निळ्या अशा तीन नळ्यांच्या सीआरटी प्रोजेक्टरकडे बोट दाखवते. अमेरिकन संशोधक जीन डोल्गॉफ यांनी १९८४ च्या सुमारास बनवलेल्या एलसीडी प्रोजेक्टरचाही दावा पुढे केला जातो, पण तो चित्र घडवण्याच्या तंत्राविषयीचा आहे. लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स येथे सिद्ध केलेल्या सूक्ष्म आरशांच्या चकतीबाबतही तेच म्हणता येईल. जोडणीपुरते पाहिल्यास तीन नळ्यांचा पक्ष अधिक सयुक्तिक वाटतो. पाटीच्या व्यवस्थेत संगणकाचा संकेत पाटीपाशीच थांबे आणि खालचा प्रोजेक्टर केवळ दिवा असे. तीन नळ्यांच्या यंत्रात तो संकेत खुद्द प्रोजेक्टरमध्ये शिरत असे. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी १८९० च्या दशकात दाखवलेली ‘शांभरिक खरोलिका’ ही प्रक्षेपणाच्या इतिहासातली गोष्ट. जोडणीशी तिचा संबंध नाही.

चित्राची जोडणी : आयबीएमच्या पीएस/२ संगणकांबरोबर १९८७ मध्ये आलेला पंधरा पिनांचा व्हीजीए आणि २००२ मध्ये जाहीर झालेला एचडीएमआय हे दोन मार्ग सर्वपरिचित आहेत. वायर लावल्यावर प्रोजेक्टर आपली ओळख संगणकाला सांगतो. ईडीआयडी नावाच्या या ओळखपत्राचा मूळ भाग १२८ बाइटांचा असून प्रोजेक्टर कोणत्या मापाचे चित्र घेऊ शकतो ते त्यात असते. व्हीजीएत हे बोलणे बाराव्या व पंधराव्या पिनेवरून होते. स्वस्त लांब वायरींत या पिना कधी जोडलेल्याच नसतात. मग संगणक समोर काय आहे हे न कळल्याने बेताचे माप धरतो, अक्षरे फुगीर दिसतात आणि दोष प्रोजेक्टरच्या माथी येतो. साधी एचडीएमआय वायर दहा-पंधरा मीटरपुढे भरवशाची राहत नाही. त्यापलीकडे २०१० मध्ये पुढे आलेले एचडीबेसटी वापरतात. त्यात नेटवर्कच्या वायरीसारख्याच एका वायरीतून चित्र, आवाज व नियंत्रणाचा संकेत १०० मीटरपर्यंत जातो. वायरीविना चित्र पाठवणाऱ्या मिराकास्ट या पद्धतीच्या यंत्रांना प्रमाणपत्रे २०१२ पासून मिळू लागली. विंडोज व पी या कळी एकत्र दाबून चित्र कोणत्या पडद्यावर जावे ते निवडतात, हे वाचकांना ठाऊक आहेच.

सिरीयल नियंत्रण : एकामागून एक बिट पाठवणारे नऊ पिनांचे सिरीयल पोर्ट लॅपटॉपवरून केव्हाच गेले, प्रोजेक्टरच्या पाठीवर मात्र अजून सापडते. त्यामागचे आरएस-२३२ हे प्रमाण १९६० चे, म्हणजे संगणकाला जोडलेल्या प्रोजेक्टरहून बरेच जुने. मांडणी सहसा अशी : वेग ९६०० बॉड (सेकंदाला इतके बिट), आठ बिट, पॅरिटी (चूक तपासणारा बिट) नाही, एक स्टॉप बिट (शेवटाची खूण). वायर सुमारे १५ मीटरपर्यंत ठेवावी असा संकेत आहे. खरा घोळ वायर सरळ हवी की उलटी याचा. संगणकाच्या पोर्टवर तिसरी पिन बोलते, दुसरी ऐकते आणि पाचवी सामाईक असते. प्रोजेक्टरच्या पोर्टवर मात्र काही उत्पादक हाच क्रम ठेवतात, काही उलटा. माहितीपुस्तिका हरवली असल्यास मल्टिमीटरने निकाल लागतो. काळी तार पाचव्या पिनेला लावून लाल तार आधी दुसऱ्या, मग तिसऱ्या पिनेला टेकवावी. जिच्यावर ऋण पाच ते बारा व्होल्टच्या दरम्यान दाब दिसेल ती बोलणारी पिन, कारण स्वस्थ असताना ही रेषा ऋण दाबावर राहते. प्रोजेक्टरची बोलणारी पिन संगणकाच्या दुसऱ्या पिनेला गेली की काम झाले. पुढे प्रश्न भाषेचा. प्रत्येक उत्पादकाची आज्ञावली निराळी. एप्सनच्या आज्ञावलीत आज्ञा पोचली की प्रोजेक्टर उत्तरादाखल केवळ एक अपूर्णविराम पाठवतो.

पीजेलिंक : या भाषाभेदावर जपानमधील जेबीएमआयए या उद्योगसंघटनेने पीजेलिंक ही सामाईक आज्ञावली काढली. तिचा पहिला वर्ग, म्हणजे पहिली आवृत्ती, २००० नंतरच्या दशकाच्या मध्यास आला असे साधारणपणे मानतात. दुसरा वर्ग त्यापुढच्या दशकातला. संगणक टीसीपी या नेटवर्कवरील संवादपद्धतीच्या ४३५२ क्रमांकाच्या पोर्टवर (येथे पोर्ट म्हणजे पिनांचे नव्हे, केवळ क्रमांकाचे दार) प्रोजेक्टरला हाक मारतो. पासवर्ड नसेल तर प्रोजेक्टर पीजेलिंक या नावापुढे शून्य लावून उत्तर देतो. असेल तर एक लावून सोबत आठ अक्षरांची यादृच्छिक संख्या पाठवतो. संगणक त्या संख्येला पासवर्ड जोडून एमडी५ पद्धतीने बत्तीस अक्षरांची खूण काढतो आणि पहिल्या आज्ञेच्या आधी ती लावतो. एमडी५ ही पद्धत १९९० च्या दशकारंभीची असून आज ती कच्ची समजली जाते. त्याहून मोठा धोका कारखान्यातून आलेला पासवर्ड न बदलण्याचा. तो सर्वांना माहीत आहे.

आज्ञा आखूड असतात : टक्क्याचे चिन्ह, वर्गाचा आकडा, चार रोमन अक्षरे, मोकळी जागा आणि किंमत. दिव्याच्या आज्ञेपुढे प्रश्नचिन्ह लावले की दिवा किती तास जळला ते कळते. चालू-बंद स्थिती विचारल्यास उत्तरे चार : शून्य म्हणजे बंद, एक म्हणजे चालू, दोन म्हणजे थंड होत आहे, तीन म्हणजे तापत आहे. दोन हे उत्तर येत असताना ‘चालू हो’ म्हटले तर बहुतेक वेळा तिसऱ्या क्रमांकाची चूक परत येते; तिचा अर्थ ‘आत्ता नाही’. नवख्या आज्ञावलीकाराला ही बिघाडाची खूण वाटते. दोषांची विचारणा सर्वांत उपयोगाची. उत्तरात सहा आकडे येतात : पंखा, दिवा, तापमान, झाकण, धूळ अडवणारी जाळी आणि इतर. शून्य म्हणजे ठीक, एक म्हणजे सावध, दोन म्हणजे दोष. दुसऱ्या वर्गात नेटवर्कवरील प्रोजेक्टर हाक देऊन शोधता येतात.

बंद प्रोजेक्टर नेटवर्कवर उत्तर देत नाही, या तक्रारीचे मूळ बहुधा वीजबचतीच्या मांडणीत असते. युरोपीय संघाच्या २००८ च्या नियमाने स्वस्थ (स्टँडबाय) अवस्थेतील वीजवापरावर मर्यादा घातली व २०१३ पासून ती साधारण अर्ध्या वॉटवर आणली. त्यामुळे अनेक प्रोजेक्टरांत स्वस्थ अवस्थेत नेटवर्क निजवण्याची मांडणी कारखान्यातूनच लागून येते. मेनूतील स्टँडबाय या सदरात जाऊन ती बदलावी लागते.

खानदेशातील वापर : जळगाव, धुळे व नंदुरबार या तीन जिल्ह्यांत प्रोजेक्टर आधी महाविद्यालयांच्या सभागृहांत दिसू लागले. जिल्हा परिषदेच्या शाळांत ते मुख्यतः २०१५ च्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमाच्या आगेमागे, बरेचसे लोकवर्गणीतून आले. धुळे जिल्ह्यातील डिजिटल शाळांची मोहीम राज्यभर गाजली. या शाळांत वापर बहुतांशी एका वायरीचा, नियंत्रण रिमोटनेच.

नेटवर्कवरून विचारणा करण्याची गरज मात्र या भागात अधिक आहे. बऱ्याच प्रोजेक्टरांची कामकाजाची मर्यादा ३५ ते ४० अंश सेल्सिअस असते, तर मे महिन्यात भुसावळ-जळगाव पट्ट्यात पारा ४५ च्या आसपास जातो. पत्र्याच्या छताखाली, पंख्याच्या पात्यांहून वर टांगलेल्या प्रोजेक्टरभोवती हवा खालच्या श्रोत्यांहूनही गरम असते. सहा आकड्यांतील तिसरा, म्हणजे तापमानाचा, एक झाला, की प्रोजेक्टर स्वतःहून बंद पडण्याआधी काही मिनिटे हाती राहतात. पाचवा आकडाही महत्त्वाचा. कापसाच्या दिवसांत जिनिंगजवळच्या सभागृहातील प्रोजेक्टरची जाळी काढली तर तिच्यावर गोधडीच्या अस्तरासारखा पांढरा थर निघतो. तो बोटाने सोलला जातो. खाली काळ्या मातीची धूळ असते, तिला ब्रश लागतो. जाळीचा दोष काही प्रोजेक्टर खरोखर मोजतात, काही फक्त तास मोजून कळवतात. हा भेद माहितीपुस्तिकेत शोधावा लागतो.

लाइट जाणे हा तिसरा घटक. जुन्या पाऱ्याच्या दिव्यांना विझल्यावर पंख्याचा वारा लागतो; मध्येच वीज तुटली की दिव्याचे आयुष्य घटते. म्हणून संगणकाइतकीच प्रोजेक्टरलाही यूपीएसची जोड द्यावी. लेझर प्रोजेक्टरांत हा प्रश्न सौम्य आहे. वीज परतल्यावर राउटर प्रोजेक्टरला नवा आयपी पत्ता (नेटवर्कवरील क्रमांक) देऊन बसतो आणि भिंतीवर पट्टी चिकटवून लिहून ठेवलेला जुना पत्ता निरुपयोगी होतो. राउटरमध्ये प्रोजेक्टरच्या मॅक पत्त्यासाठी, म्हणजे यंत्राच्या कायम ओळखक्रमांकासाठी, आयपी राखून ठेवणे हा यावरचा उपाय आहे. अर्थिंग धड नसलेल्या इमारतीत संगणक एका फेजवरील आणि प्रोजेक्टर दुसऱ्या फेजवरील सॉकेटला लावला, तर चित्रात सरकते आडवे पट्टे येतात. प्रसंगी वायर लावताना ठिणगी उडून पोर्टच जळते. दोन्ही यंत्रे एकाच बोर्डावरून चालवावीत.

नेटवर्क म्हणजे इंटरनेट नव्हे, हे अक्कलकुवा-धडगाव भागात विशेष लक्षात घ्यावे लागते. मोबाइलला रेंज नसलेल्या सातपुड्यातील शाळेतही एक साधा राउटर, एक लॅपटॉप व प्रोजेक्टर एवढ्यावर पीजेलिंक पूर्ण चालते. अलीकडे शाळांत प्रोजेक्टरच्या जागी स्पर्शफलक येत आहेत. त्यांच्याही पाठीमागे नऊ पिनांचे पोर्ट बहुधा असतेच.