डबल्स म्हणजे सिंगल्समध्ये मागे पडलेल्यांची सोय?

एक समज वर्षानुवर्षं फिरतो आहे: वर्षअखेरच्या टेनिस अजिंक्यपद स्पर्धेत सिंगल्सच्या आठ जणांच्याच जोड्या लावून डबल्स खेळवतात, आणि डबल्स हा सिंगल्स न जमलेल्यांचा खेळ आहे.

वर्षअखेरीस सिंगल्सचे आठ खेळाडू असतात आणि डबल्सच्या आठ स्वतंत्र जोड्या. जोडीची पात्रता ठरते ती दोघांनी मिळून वर्षभरात कमावलेल्या गुणांवर. इथेच गोंधळ होतो, कारण डबल्सचं नेहमीचं क्रमांकन वैयक्तिक असतं. साथीदार बदलला तरी तुमचे गुण तुमच्याकडे राहतात, पण नव्या जोडीची वर्षाची बेरीज शून्यापासून सुरू होते. म्हणूनच टिकलेली जोडी एवढी मोलाची.

दुसरा भाग अर्धा खरा आहे. अनेक जण सिंगल्सकडून डबल्सकडे वळतात, काही अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या संघांतून येतात. पण लागणारं कसब वेगळं. कोर्ट २७ ऐवजी ३६ फूट रुंद. नेटजवळचा खेळाडू हात पाठीमागे नेऊन बोटांनी खूण करतो, त्यावरून सर्व्हिस कुठे पडणार आणि तो स्वतः कुठे सरकणार हे ठरतं. हे सारं एका क्षणात! मला तर डबल्समधलं हेच सर्वांत देखणं वाटतं.

पडताळायचं असेल तर पुरुषांच्या स्पर्धेच्या अलीकडच्या कुठल्याही वर्षाच्या सिंगल्स आणि डबल्स अशा दोन्ही याद्या शेजारी ठेवा. दोन्हींकडे असलेली नावं फार तर एखाद-दुसरी सापडतील, बहुतेकदा एकही नाही.